चारही चाकं फिरतात, पण पोट टेकतं

गाडी आणि गॅरेज : वाचकांचे प्रश्न

पाऊस तोंडावर आला की या सदराच्या पत्रांचा नूर बदलतो. मायलेज, एसी, विमा सगळं मागे पडतं आणि सगळ्यांना एकदम डोंगर दिसायला लागतात. या वेळच्या पत्रांपैकी एक मोठं होतं आणि प्रामाणिकही होतं, म्हणून निम्म्याहून जास्त जागा त्यालाच देतेय. बाकीच्यांनी रागावू नये.

प्रश्न : ताई, आमच्याकडे ग्रँड विटारा ऑलग्रिप आहे, मॅन्युअल. घेतली ती घरासाठीच. मी, बायको, दोन मुलं आणि आई. गेल्या हिवाळ्यात लोणावळ्याहून सालतर खिंडीतून तैलबैल्यापर्यंत जाऊन आलो, काही त्रास झाला नाही. हुरूप आला आणि पुढच्या महिन्यात वेल्ह्याकडच्या एका कच्च्या वाटेला लागलो. तिथे एका आडव्या चरात गाडी तिरकी झाली. पुढचं डावं आणि मागचं उजवं अशी दोन चाकं हवेत, आणि तीच दोन फिरत राहिली. गाडी जागची हलेना. सोबत मित्राची थार होती, तिने ओढून काढलं. तेव्हापासून तो माझ्या गाडीला ‘सोसायटीतली एसयूव्ही’ म्हणतो. चारही चाकांना ताकद जाते तर दोनच का फिरली? गाडीत बिघाड आहे का? आणि अशा गाडीतून घरच्यांना नेमकं कुठवर न्यावं?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : गाडी ठणठणीत आहे. बिघाड शोधायला कुणाकडे नेलीत तर तो सापडेलही, आमच्या धंद्यात सापडतोच. म्हणून आधी हे वाचा.

ताकद चारही चाकांपर्यंत पोचते हे खरं. पण तिची वाटणी कशी होते ते बघा. तुमच्या गाडीत ओढायचं मुख्य काम पुढच्या चाकांचं. ती घसरायला लागली की मधल्या एका कपलिंगमधून मागच्या एक्सलला हिस्सा मिळतो. कपलिंग म्हणजे क्लचच्या बारीक प्लेटांचा गठ्ठाच. ‘लॉक’ मोड लावलात की हा हिस्सा मागे जातच राहतो. इथपर्यंत उत्तम. पण पुढच्या दोन चाकांच्या मध्ये आणि मागच्या दोन चाकांच्या मध्ये साधा डिफरन्शिअल, म्हणजे दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची पेटी, बसवलेला असतो, आणि त्याचा स्वभाव पाण्यासारखा आहे, उताराकडे धावणारा. हवेत लोंबणाऱ्या चाकाला काहीच अडवत नाही, म्हणून सगळी फिरकी तिकडे. जमिनीवर टेकलेलं चाक ताटकळत बसतं. तुमचं एक चाक पुढे हवेत होतं आणि एक मागे, तेही तिरक्या समोरासमोरच्या कोपऱ्यांत. म्हणजे दोन्ही एक्सलची एकाच वेळी पंचाईत.

यावरचा इलाज गाडीत असतो, पण बहुतेक लोक तो चालू द्यायच्या आतच घाबरतात. मोकळं फिरणाऱ्या चाकाला गाडी स्वतःच ब्रेक लावते आणि मग ताकद नाइलाजाने पलीकडच्या चाकाकडे वळते. या कामाला वेळ लागतो. ‘लॉक’वर ठेवा, पहिला गिअर, क्लच पूर्ण सोडलेला, ॲक्सिलरेटर एकाच जागी दाबून धरा. खालून घर्रघर्र असा आवाज येईल, गाडी थरथरेल. दोन-तीन सेकंद पाय काढू नका. आपल्याला वाटतं काहीतरी तुटतंय, म्हणून आपण पाय काढतो, आणि सगळं पहिल्यापासून सुरू होतं. एवढं करूनही नाही हलली तर रेटत बसू नका. खाली उतरा, आणि जे चाक हवेत आहे त्याच्याखाली दगड रचा. रुतलेल्या चाकाखाली दगड कोंबणारे खूप बघितलेत, हवेतल्या चाकाखाली रचणारे कमी. खरी गरज त्यालाच असते.

आता तुमच्या मित्राचं. चारही चाकांना ताकद देणाऱ्या थारमध्ये ‘लो’ची वेगळी दांडी असते, तिने प्रत्येक गिअरचा जोर वाढतो आणि वेग कमी होतो. तुमच्याकडे ती नाही. नावावरून गोंधळ होतो म्हणून सांगते : तुमच्याच कंपनीच्या जिम्नीवरही ‘ऑलग्रिप’ लिहिलेलं असतं, पण तिथे पुढे ‘प्रो’ आहे, तुमच्याकडे ‘सिलेक्ट’. जिम्नीत लो रेंज आहे, खाली शिडीसारखी चासी आहे, अखंड एक्सल आहे, त्यामुळे तिचं चाक खड्ड्यात पार खाली उतरून जमीन शोधतं. तुमच्या गाडीचं चाक तेवढं लोंबत नाही, लवकर हवेत जातं. त्या बदल्यात एक्सप्रेसवेवर तुमच्या आई मागे झोपू शकतात. मित्राच्या आईला एकदा विचारून बघा.

लो रेंज नसण्याचा खरा त्रास चढावर कळतो. पहिल्या गिअरमध्ये क्लच पूर्ण सोडला तरी आपली गाडी माणसाच्या भरभर चालीने पळते. दगडगोट्यांच्या चढावर तो वेग जास्त होतो, म्हणून पाय आपोआप क्लचवर जातो आणि अर्ध्या क्लचवर गाडी रांगायला लागते. मग वास येतो. तो वास एकदा ओळखलात की विसरणार नाही.

मी तो माझ्याच गाडीत घेतलाय, त्यामुळे दुसऱ्या कुणाला नावं ठेवत नाही. २०१६ चा जून. माझी डस्टर, चारही चाकांना ताकद देणारी, तेव्हा जेमतेम वर्षाची. पानशेतच्या मागे घोळ गावाकडे निघालो होतो. नवरा, मुलगी, सासूबाई, आणि डिकीत तीन दिवसांचं सामान, त्यात सासूबाईंचा स्वतंत्र स्टोव्ह. मुख्य रस्ता सोडून एका वाडीकडे जाणारी गाडीवाट धरली. वडिलांच्या गॅरेजमध्ये वाढलेय, मॅटेडोर आणि जीप उघडून जोडल्यात, त्यामुळे अंगात जरा मस्ती होतीच. एका वळणावर घसाऱ्याचा चढ होता, मुठीएवढे सुटे दगड. दोनदा अर्ध्यावर जाऊन थांबले. दोन्ही वेळा अर्धा क्लच. तिसऱ्या वेळी वास आला आणि सासूबाई मागून म्हणाल्या, “काय गं, दूध लागलं का कुठे?”

थांबले. बॉनेट उघडलं, गाडी बंद करून चाळीस मिनिटं बसलो. सासूबाईंनी तेवढ्यात स्टोव्ह काढून चहा केला. मग जे आधी करायला हवं होतं ते केलं. सगळ्यांना उतरवलं. निम्मं सामान उतरवलं. टायरमधली हवा ३३ वरून २४ वर आणली. मुलीने आणि नवऱ्याने चाकांच्या रेषेतले मोठे दगड लाथेने बाजूला केले. सासूबाई छत्री घेऊन वरच्या टोकाला उभ्या राहिल्या आणि छत्रीच्या टोकाने उजवीकडे-डावीकडे दाखवू लागल्या. त्यांनी आयुष्यात कधी स्टिअरिंग धरलेलं नाही. पण वरून त्यांना माझी चाकं दिसत होती, मला नव्हती. गाडी एका दमात, क्लचला पाय न लावता वर गेली.

तेव्हापासून आमच्या घरात हाच रिवाज आहे. वाईट जागा दिसली की आधी मी उतरते आणि ती पूर्ण चालत जाते, पलीकडे गाडी वळवायला जागा आहे का तेही बघते. मग बाकीचे उतरतात. तुम्ही विचारलंत घरच्यांना कुठवर न्यावं. मी म्हणेन, वाईट जागेपर्यंत गाडीतून न्या आणि वाईट जागेतून पायी न्या. तुम्ही सोडून चार माणसं म्हणजे दोन-अडीचशे किलो. तेवढं वजन उतरलं की गाडीचं पोट उचललं जातं, क्लच वाचतो, आणि काही चुकलंच तर मुलं गाडीत नसतात.

पोटाचं बोललेच पाहिजे, कारण माझ्या गॅरेजचा पावसाळा त्यावरच चालतो. आमचं गॅरेज धायरीत, सिंहगड आणि पानशेतहून परतीच्या वाटेवर. जून ते सप्टेंबर सोमवारी सकाळी शटर उघडलं की बाहेर एखादी गाडी उभी असतेच, खाली तेलाचं थारोळं. चेंबर, म्हणजे इंजिनखालची तेलाची टाकी, फुटलेला. यातल्या कित्येक गाड्या चारही चाकांना ताकद देणाऱ्याच असतात. चारही चाकं फिरत होती, म्हणून ती गाडी पुढे गेली, आणि जिथे साधी गाडी आधीच अडकून वाचली असती तिथे हिने पोट फोडून घेतलं.

कागदावर तुमच्या गाडीचा ग्राउंड क्लिअरन्स २१० मिलिमीटर, माझीचाही तेवढाच. पण तो रिकाम्या गाडीचा. मी एकदा मोजपट्टी घेऊन बघितलं, पाच माणसं आणि बॅगा भरल्यावर मागची बाजू चांगली तीन बोटं खाली आली. तुम्ही एक करा. तुमच्या नेहमीच्या मेकॅनिककडे गाडी रॅम्पवर चढवा आणि स्वतः खाली जाऊन उभे राहा. सगळ्यात खाली काय आहे ते बघा : चेंबर, सायलेन्सरचा पाइप, मागचा डिफरन्शिअल, लोअर आर्म (चाकाला खालून धरणारा दांडा). पुढे प्लॅस्टिकचं आवरण असेल तर त्याला चेंबर गार्ड समजू नका, ते वाऱ्यासाठी आणि चिखलासाठी असतं. दगडासाठी पत्र्याचा जाड गार्ड बसवता येतो. पैसे खर्च करायचेच असतील तर पहिले तिथे करा.

आपल्याकडच्या वाटांवर पोट टेकतं ते बहुतेक वेळा ट्रॅक्टरच्या चाकोरीमुळे. ट्रॅक्टरची चाकं उंच, ती पावसात खोल चर पाडतात आणि मधे उसाच्या सरीसारखा वरंबा उभा राहतो. वाळला की सिमेंट. आपण इमानदारीत चाकोरीत चाकं घालतो आणि वरंब्यावर गाडी कासवासारखी बसते, मग चार काय आठ चाकं असली तरी हवेतच. चाकोरी सोडायची. एक चाक वरंब्यावर, दुसरं कडेला. गाडी थोडी तिरकी होईल, चालतं. ओल्या मातीत मात्र हे सावकाश करा, वरंब्यावरून घसरून चरात पडलात तर आधीपेक्षा वाईट.

चढ अर्ध्यात सोडावा लागला तर गाडी आडवी वळवायचा मोह टाळा. आडवी गाडी उलटते. रिव्हर्स टाका, क्लच सोडा, स्टिअरिंग सरळ, जशी वर गेली तशी खाली आणा. उतारावर पहिला गिअर किंवा हिल डिसेंटचं बटण. आणि डिझेल-पेट्रोल वाचवायला उतारावर न्यूट्रल करणारे जे काका आहेत, त्यांनी ही सवय घाटातही सोडावी आणि कच्च्यावर तर नावच काढू नये.

राहता राहिला मूळ प्रश्न, कुठवर. ज्या वाटेने दुधाचा टेम्पो रोज जातो तिथे तुमची गाडी कोरड्या दिवसांत डोळे झाकून जाईल. जिथे फक्त ट्रॅक्टरच्या खुणा आहेत तिथे आधी पायी जा, आणि वाडीतल्या माणसाला विचारा. “गाडी जाते का” असं विचारू नका, तो “जातेय की” म्हणतो, त्याच्या डोळ्यांपुढे त्याची मोटारसायकल असते. “शेवटची चारचाकी कधी आली होती आणि कुठली” असं विचारा. ओढ्याच्या पात्रातून, मोठ्या धोंड्यांवरून, किंवा जिथे एक बाजू दरीची आणि माती सुटी आहे तिथून तुमची गाडी जाऊ शकेलही. मी नेणार नाही. आणि एकट्या गाडीने तर नाहीच. घोळच्या बाजूला मोबाइलची रेंज मिळेल या भरवशावर जाऊ नका, घरी कुणाला तरी वाट आणि परतायची वेळ सांगून निघा.

सोबत काय ठेवावं? हवा भरायचा बारा व्होल्टचा पंप, हवा मोजायचं मीटर, फावडं, जॅकखाली ठेवायला फळीचा तुकडा (मऊ मातीत जॅकच आत जातो), दोन डी-शॅकल (पट्टा अडकवायच्या लोखंडी कड्या) आणि ओढायचा चांगला पट्टा. ओढायचा हूक टूलकिटमध्ये असतो आणि बंपरवरचं छोटं झाकण काढून तो आट्यांवर बसवायचा असतो. घरी एकदा बसवून बघा, चिखलात पहिल्यांदा शोधू नका. पट्टा हुकालाच लावा. लोअर आर्मला नाही, बंपरला नाही, आणि टोइंग बॉलला तर अजिबात नाही. ताण येऊन तो गोळा सुटला तर तोफेसारखा उडतो, माणसं मेलेली आहेत. पट्टा ताणलेला असताना आसपास कुणी उभं राहायचं नाही. आणि पुण्यापर्यंत टोचन करून आणायची वेळ आलीच, तर दोन चाकं उचलून ओढणारी क्रेन नको, चारही चाकं वर घेणारी गाडी मागवा. दोन चाकं हवेत आणि दोन रस्त्यावर फिरत राहिली तर मधल्या कपलिंगचं काय होतं, त्याचं बिल मी बनवलेलं आहे.

मित्र चिडवतो त्याचं मनावर घेऊ नका. थारही फसते, फक्त अर्धा किलोमीटर पुढे जाऊन फसते. तिथून चालत यायला जास्त वेळ लागतो.

प्रश्न : मुळशीकडे जाताना एका फरशी पुलावरून पाणी वाहत होतं. आमची एसयूव्ही ऑल व्हील ड्राइव्ह आहे. तरी यजमानांनी गाडी थांबवली आणि परत फिरवली. मुलं हिरमुसली. पाणी गुडघ्याखाली होतं. जाता आलं असतं ना?
— एक वाचिका, बाणेर

उत्तर : नाही. यजमानांना माझ्याकडून शाबासकी सांगा.

वाहत्या पाण्यात चारही चाकांना ताकद असण्याचा काहीच उपयोग नाही, कारण पाणी गाडी उचलतं, आणि उचललेल्या गाडीच्या चाकांखाली जमीनच नसते. फूटभर वाहतं पाणी छोट्या गाडीला हलवू शकतं, दोन फुटांत बहुतेक गाड्या जातात. शिवाय गढूळ पाण्याखाली फरशी शाबूत आहे की मधूनच वाहून गेलीये हे काठावरून दिसत नाही. कठड्याचे दगड दिसेनासे झाले की परत फिरायचं.

साचलेलं, न वाहणारं पाणी असेल तर गोष्ट वेगळी. काठी घेऊन चालत जाऊन खोली बघा. अर्ध्या चाकापर्यंत ठीक. पहिला गिअर, एकसारखा वेग, मधे गिअर बदलायचा नाही, पाय काढायचा नाही. त्याआधी बॉनेट उघडून एअर फिल्टरच्या पाइपवरून हात फिरवत जा आणि त्याचं तोंड कुठे उघडतं ते बघून ठेवा. इंजिन तिथून श्वास घेतं. त्या तोंडाशी पाणी पोचलं की सिलिंडरमध्ये जातं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही, मग कनेक्टिंग रॉड वाकतो. पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारू नका. पुष्कळदा पहिल्या झटक्यात इंजिन वाचलेलं असतं आणि दुसऱ्या-तिसऱ्या सेल्फने मरतं. साध्या पॉलिसीत असं नुकसान सहसा धरत नाहीत, त्यासाठी इंजिनचं वेगळं संरक्षण जोडून घ्यावं लागतं. पावसाळ्याआधी पॉलिसीचा कागद काढून तेवढं बघा.

पाण्यातून निघाल्यावर दहा-पंधरा वेळा हलके ब्रेक मारून ते कोरडे करा. दुसऱ्या दिवशी डिपस्टिक काढा. तेल दुधाच्या चहासारखं दिसलं तर गाडी चालू न करता फोन करा.

प्रश्न : २१५ मिलिमीटर रुंदीचे टायर बदलून जाड ऑल-टेरेन (कच्च्या-पक्क्या दोन्ही रस्त्यांचे) टायर, दोन इंचांची लिफ्ट म्हणजे गाडी तेवढी उंच करणं, आणि पुढे लोखंडी बुल बार असा बेत आहे. दुकानदार म्हणतो आरटीओचं काही टेन्शन नाही. तुमचं मत?
— एक वाचक, चिंचवड

उत्तर : टेन्शन दुकानदाराला नाही, हे बरोबर आहे. आरसी तुमच्या नावावर आहे.

बुल बार विसरा. त्यावर कारवाई करा असं केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कळवलंय, आणि कारण रास्त आहे. धडकेत गाडीचं नाक चेपलं जाऊन धक्का शोषायचं असतं, सेन्सरला वेळेवर कळून एअरबॅग उघडायची असते. मधे लोखंडी पहार बांधली की दोन्हींचा हिशोब चुकतो, आणि समोर पायी माणूस असेल तर त्याचा जीवच जातो. लिफ्टचं म्हणाल तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत असे बदल करू देत नाही, सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये तेच सांगितलं. कायदा बाजूला ठेवला तरी या गाड्यांचे ड्राइव्ह शाफ्ट, म्हणजे चाकांना ताकद नेणारे दांडे, ठराविक कोनासाठी बनवलेले असतात. दोन इंच उचललीत की सांधे वाकडे फिरतात आणि त्यांच्यावरची रबरी टोपणं, म्हणजे बूट, फाटतात. बूट फाटला की ग्रीस जातं, माती येते, मग टक टक आवाज घेऊन तुम्ही माझ्याकडे येता.

टायर मात्र जरूर बदला, मूळ मापातच. चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाडीत चारही टायर एकाच मापाचे, एकाच कंपनीचे आणि साधारण सारखे झिजलेले हवेत. एक नवा आणि तीन घासलेले असले की चाकांचा घेर वेगळा होतो, कपलिंगला वाटतं गाडी सारखी घसरतेय, आणि ते डांबरी रस्त्यावरही तापत राहतं. याच कारणाने स्टेपनी लहान मापाची असेल तर ती लावून पंक्चरवाल्यापर्यंतच जा.

हवेबद्दल. मुरूम आणि दगडी वाटेवर २५-२६, मऊ चिखलात २० पर्यंत. टोकदार दगड असतील तर त्याहून कमी करू नका, टायरची बगल फुगते आणि दगड नेमका तिथे चिरतो. बगल फाटली की पंक्चर निघत नाही, टायर फेकायचा. आणि डांबरी लागली की थांबून हवा भरायचीच, टायरमागे चार-पाच मिनिटं लागतात. कमी हवेवर हायवेला पळवलेला टायर तापून फुटतो. सासवडकडच्या काळ्या मातीत पाऊस झाला असेल तर मात्र कुठलाच टायर घेऊन जाऊ नका. ती माती खाचांमध्ये बसते आणि दोन फेऱ्यांत ऑल-टेरेनचा गुळगुळीत गोळा होतो. दोन दिवस ऊन पडू द्या.

प्रश्न : माझी साधी पुढच्या चाकांची हॅचबॅक आहे. मग मी कच्च्यावर जाऊच नये का?
— एक वाचक, हडपसर

उत्तर : जा की. उन्हाळ्यात निम्मा मावळ तुमच्या गाडीत बघून होईल. हवा थोडी कमी करा, पोट सांभाळा, चढ अवघड वाटला तर रिकामी गाडी चढवा. वाळलेल्या उंच गवतात मात्र गाडी उभी करू नका, सायलेन्सर तापलेला असतो आणि गवत पेटतं. हे डिझेलवाल्यांना जास्त लागू, त्यांचा धुराचा फिल्टर स्वतःला साफ करताना फारच तापतो.

प्रश्न : मी कॉलेजला आहे, बाबांची ऑल व्हील ड्राइव्ह गाडी चालवायला शिकतेय. कच्च्या रस्त्याचा सराव करायला पुण्याजवळ मोकळी जागा सुचवाल का? आम्ही मित्रमैत्रिणी टेकडीवर किंवा सुप्याच्या माळावर जायचं म्हणतोय. तिथे कुणाची शेती नाही.
— एक वाचिका, औंध

उत्तर : शिकतेयस हे फार बरं वाटलं. टेकडी नको, तिथे लोक पहाटे चालायला येतात आणि त्यांच्यातली एक मी आहे.

सुप्याचा माळ तर नकोच. तिथलं मयूरेश्वर अभयारण्य चिंकारांसाठी राखलेलं आहे. पाच चौरस किलोमीटरच्या आसपास, एवढंसंच. त्याच्या बाहेरचा माळही रिकामा दिसतो, रिकामा नसतो. टिटवी आणि चंडोल जमिनीवरच अंडी घालतात. टिटवीची अंडी खड्यांच्या रंगाची, उभं राहून बघितलं तरी दिसत नाहीत, गाडीतून तर नाहीच. आणि चाकाने एकदा माळावर रेघ पाडली की पहिला पाऊस त्याच रेघेतून वाहतो, पुढच्या वर्षी तिथे ओघळ असतो. कासच्या पठारावर काय झालं होतं ते बाबांना विचार, कुंपण घालायची वेळ आली.

कुणाचं तरी शेत शोध. मैत्रिणींपैकी एकीचा तरी मामा शिरूरला नाहीतर पुरंदरला असेलच. कापणी झाल्यावर, पेरणीच्या आधी, त्याला विचारून जा. बांधावरून गाडी घालू नका, बांध त्याच्या आजोबांनी घातलेला असतो. पहिल्या दिवशी फक्त दोन गोष्टी कर. शेताच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पहिल्या गिअरमध्ये, क्लचला आणि ब्रेकला पाय न लावता जा. मग विटांचे दोन तुकडे ठेव आणि पुढचं डावं चाक नेमकं त्यांच्यावरून ने. डावं चाक कुठे आहे हे वीस वर्षं गाडी चालवणाऱ्यांनाही माहीत नसतं. मैत्रिणीला बाहेर उभी कर, ती हाताने दाखवेल. विटा चुकल्या की जागा बदला, ती चालवेल आणि तू बाहेर उभी राहा. मामांसाठी काहीतरी खाऊ घेऊन जा. त्यांचा ट्रॅक्टर कुठे लावलेला असतो तेही जाता जाता विचारून ठेव.